विचार मंदावतात तेव्हा, विचार झुकतात तेव्हा

नैराश्य आणि चिंताविकार यांविषयी या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख दुःखापेक्षा किंवा भीतीपेक्षा विचार करण्याच्या क्रियेवर आहे. लक्ष लागत नाही, आठवत नाही, निर्णय होत नाही, डोक्यात तेच ते फिरत राहते, अशा या तक्रारी आहेत. त्या सरसकट एकाच खात्यात टाकल्या जातात आणि उपचार चुकतो तो तिथेच. काही तक्रारी विचारांचा वेग आणि धार कमी झाल्याच्या असतात. त्यांत हिशेब जुळवणे, यादी लक्षात ठेवणे अशी भावनेशी संबंध नसलेली कामेही जड जातात. इतर तक्रारींत बुद्धी शाबूत असते, किंबहुना ती फारच जोमाने चालते, पण समोर असलेल्या पुराव्यांतून वाईट तेवढेच वेचून घेते. एकाच व्यक्तीत हे दोन्ही असू शकते, तरी त्यांवरचे उपाय निराळे आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी बँकेत अधिकारी आहे, वय ४३. गेल्या वर्षी मला नैराश्याचे निदान झाले. गोळ्या आणि समुपदेशन यांमुळे आता रडू येत नाही, झोप आणि भूक पूर्ववत झाली आहे. घरचे म्हणतात की मी पहिल्यासारखी झाले. पण कामावर मी पहिल्यासारखी नाही. एकच परिपत्रक तीनतीनदा वाचावे लागते, कर्जाच्या फाइलमधली कोणती कागदपत्रे तपासून झाली हे ध्यानात राहत नाही, मध्येच फोन आला की आधी काय करत होते ते आठवत नाही. हा गोळ्यांचा परिणाम आहे की मेंदूला कायमची इजा झाली आहे? स्वेच्छानिवृत्ती घ्यावी का? (कोल्हापूर)

उत्तर : निवृत्तीचा अर्ज आत्ता करू नका, हे सर्वांत आधी सांगतो. नैराश्यातून बाहेर पडत असताना घेतलेले असे निर्णय पुढे फिरवता येत नाहीत आणि आपण वर्णन केलेली अडचण बहुतेकदा काही महिन्यांत उणावत जाते.

लक्ष न लागणे आणि निर्णय न होणे हे नैराश्याच्या निदानासाठी पाहिल्या जाणाऱ्या नऊ लक्षणांपैकी एक आहे. म्हणजे ही अडचण आजाराचाच भाग आहे, आळस किंवा निष्काळजीपणा नव्हे. अडचण अशी की मनाला उभारी येते तेव्हा हे लक्षण तिच्याबरोबर लगेच हलेलच असे नाही. अनेक अभ्यासांच्या २०१४ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात, मनःस्थिती सुधारलेल्या रुग्णांमध्येही लक्ष आणि नियोजन यांतील उणीव मध्यम प्रमाणात टिकून असल्याचे आढळले. आपण ‘बऱ्या’ झालात असे घरच्यांना वाटते आणि आपल्याला वाटत नाही, यात दोघांचेही खरे आहे.

आता कारणांकडे. आजाराचा हा शेष मानण्यापूर्वी मी काही गोष्टी तपासून घेईन : हिमोग्लोबिन, थायरॉइड, जीवनसत्त्व बी-१२ (शाकाहारी असाल तर आवर्जून), रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरचे बदल आणि झोपेत घोरण्याबरोबर श्वास अडण्याचा त्रास. झोप ‘लागते’ असे आपण लिहिले आहे, पण सकाळी ताजेतवाने वाटते का, हे लिहिलेले नाही. त्यानंतर गोळ्यांची यादी पाहावी लागेल. नैराश्यावरच्या नव्या गोळ्या बहुधा विचारांना मंद करत नाहीत. मात्र अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या, झोपेसाठी सुरू होऊन तशाच चालू राहिलेल्या क्लोनाझेपामसारख्या गोळ्या आणि अर्धशिशीसाठी दिले जाणारे टोपिरामेट यांमुळे स्मरण आणि शब्दांची आठवण यांवर परिणाम होऊ शकतो. यांपैकी काही सुरू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना थेट विचारा.

अडचण किती आहे हे मोजता येते आणि ते मोजून घ्यावे, असे माझे मत आहे. मानसतज्ज्ञ वापरतात त्यांपैकी एक चाचणी अगदी साधी दिसते : कागदाच्या माथ्यावर १ ते ९ या अंकांखाली प्रत्येकी एक खूण छापलेली असते, खाली नुसत्या अंकांच्या ओळी असतात आणि ठरावीक वेळात, बहुधा दीड-दोन मिनिटांत, जमतील तितक्या अंकांखाली योग्य खुणा भरायच्या असतात. लक्ष, वेग आणि तात्पुरती आठवण यांचा एकत्र अंदाज त्यातून येतो. मोजण्याचे दुसरेही एक कारण आहे. नैराश्यातून उठलेल्या माणसाला आपली स्मरणशक्ती जितकी खालावली आहे असे वाटते आणि चाचणीत जितकी खालावलेली दिसते, त्या दोहोंत अनेकदा चांगलेच अंतर असते. झालेल्या चुका ठळक आठवतात आणि बिनचूक पार पडलेल्या फाइल मोजल्याच जात नाहीत. म्हणजे मंदपणाच्या तक्रारीतही थोडा झुकाव मिसळलेला असतो.

नैराश्यावरच्या औषधांपैकी व्हॉर्टिऑक्सेटिनचा उल्लेख वाचक वारंवार करतात. वर सांगितलेल्या चाचणीत या औषधाने निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक सुधारणा दाखवली, असा सुमारे ६०० रुग्णांवरचा आठ आठवड्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यास उत्पादकांच्या खर्चाने झाला होता आणि चाचणीतले गुण वाढले म्हणजे कार्यालयातले काम तितकेच सुधारते असे नाही. आपली सध्याची गोळी मनःस्थितीसाठी नीट काम करत असेल तर केवळ एवढ्यासाठी ती बदलण्याची घाई मी करणार नाही.

दरम्यान काम अशा रीतीने मांडा की स्मरणावर भार कमी पडेल. प्रत्येक कर्जफाइलच्या आतल्या बाजूला कागदपत्रांची छापील यादी लावून पाहिलेल्या कागदावर तिथल्या तिथे खूण करावी. फोन वाजला तर उचलण्यापूर्वी समोरच्या चिठ्ठीवर आपण कुठे थांबलो ते तीन शब्दांत लिहावे. या एका सवयीने पुष्कळ फरक पडतो. अवघड फाइल सकाळच्या पहिल्या तासात घ्याव्यात आणि आठवड्यातून बहुतेक दिवस दम लागेल इतपत वेगाने अर्धा तास चालावे. आजारी माणसाची सबब वाटेल म्हणून अशा यादीची लाज बाळगू नका. विमानाचे वैमानिक दर उड्डाणाआधी तेच करतात.

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षक आहे. नैराश्यासाठी गोळ्या घेतो आणि मानसतज्ज्ञांकडेही जातो. त्यांनी विचारांची वही लिहायला सांगितली आहे. मी ती प्रामाणिकपणे लिहितो. ‘मी निरुपयोगी आहे’ या विचारासमोर ‘माझे अनेक विद्यार्थी पुढे गेले’ असे लिहितो, ते पटते, पण आतून काहीच बदलत नाही. पत्नी आणि भाऊ म्हणतात, सकारात्मक विचार कर. हे सारे स्वतःची समजूत घालणेच नाही का? (सातारा जिल्हा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण नकारात्मक वाक्यासमोर सकारात्मक वाक्य लिहिणे हा उपचार नव्हेच. विचारांची वही ज्या बोधात्मक उपचाराचा भाग आहे त्या पद्धतीचे जनक ॲरन बेक (१९२१–२०२१) फिलाडेल्फियात मनोविश्लेषक म्हणून काम करत असताना त्यांच्या लक्षात आले की नैराश्यातील रुग्णांच्या मनात बोलता बोलता, जवळजवळ नकळत, काही त्रोटक विचार चमकून जातात : मी कंटाळवाणा आहे, यांना माझा वैताग आला असेल, पुढे काही होणार नाही. स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी अशा तिन्ही दिशांना हे विचार काळेच असतात. बेक यांनी रुग्णांना चांगले विचार करा असे सांगितले नाही. विचार हे अनुमान आहे, वस्तुस्थिती नव्हे, असे धरून ते पुराव्यावर घासून पाहायला सांगितले. पुरावा विचाराच्या बाजूनेही निघू शकतो आणि तसा निघाला तर तो मान्य करावा लागतो. आपल्याकडे याच सुमाराच्या दुसऱ्या विचारधारेला, म्हणजे अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीला, कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचक अधिक ओळखतात. तिथेही ‘सगळे छान होईल’ या वाक्याला जागा नाही.

आपल्या वहीत नेमके काय चुकत असावे, याचा अंदाज एका उदाहरणाने सांगतो. समजा शनिवारी रात्री मुख्याध्यापकांचा निरोप येतो : ‘सोमवारी शाळा सुटल्यावर भेटा.’ आपल्या मनात येते, ‘माझी तक्रार गेली आहे’, पोटात गोळा येतो आणि रविवार वाया जातो. बरेच जण वहीत लिहितात, ‘मी निरुपयोगी आहे’, आणि त्यासमोर आपल्या गुणांची यादी. पण ‘निरुपयोगी’ हा शब्द तपासता येत नाही. तो न्यायनिवाडा आहे. ‘सोमवारच्या भेटीत माझ्यावर तक्रारीचा विषय निघेल’ हे विधान तपासता येते. ते तसेच लिहा, त्यावर शंभरपैकी किती विश्वास आहे तो आकडा टाका, समजा ८५. मुख्याध्यापकांनी यापूर्वी असे बोलावले तेव्हा काय निघाले होते ते आठवून लिहा. या निरोपाचे इतर कोणते अर्थ संभवतात तेही लिहा : परीक्षेचे वेळापत्रक, रजेवरच्या शिक्षकाचे तास, निकालपत्रके. आकडा पुन्हा टाका; तो शून्यावर येण्याची अपेक्षा नाही, ८५ चा ५० झाला तरी पुष्कळ. मग सोमवारी संध्याकाळी प्रत्यक्ष काय घडले ते त्याच पानावर लिहा. हा शेवटचा रकाना लोक भरत नाहीत, आणि खरा बदल त्यातूनच येतो. एका पानाने नव्हे, तीसचाळीस पानांवर आपलीच भाकिते आपल्याच अक्षरात खोटी ठरलेली दिसल्यावर तो येतो.

‘पटते पण जाणवत नाही’ ही तक्रार जवळजवळ प्रत्येक रुग्ण करतो. तिचे उत्तर वहीत फारसे नसते, कृतीत असते. ‘मी वर्गात बोलताना अडखळलो तर मुले हसतील’ असे वाटत असेल तर एका तासाला मुद्दाम दोनदा थांबून, शब्द शोधून पाहायचे आणि किती मुलांनी मान वर केली ते मोजायचे. वाद घालून विचार हरत नाही. अनुभवाने तो सैल पडतो.

कृतीचे महत्त्व किती, याचा एक दाखला आपल्या शेजारचाच आहे. आधी १९९६ मध्ये अमेरिकेत नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेक यांच्या उपचाराचे भाग सुटे करून पाहिले, तेव्हा दिनक्रमात अर्थपूर्ण कामे पुन्हा सुरू करणे एवढा एकच भाग संपूर्ण उपचाराइतका परिणामकारक ठरला. त्याच तत्त्वावर गोव्यात ‘संगत’ या संस्थेने एक कार्यक्रम आखला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या प्रशिक्षित समुपदेशकांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या सुमारे ५०० रुग्णांपैकी निम्म्यांना सहा ते आठ भेटी दिल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते आणि केवळ नेहमीची सुधारित वैद्यकीय सेवा मिळालेल्या गटात ३९ टक्के रुग्णांचे. त्या भेटींत बहुतांश चर्चा होती ती उद्या सकाळी काय करायचे याची. आपली वही जड वाटत असेल तर आपल्या मानसतज्ज्ञांना काही आठवडे ती बाजूला ठेवून दिनक्रमापासून सुरुवात करण्याविषयी विचारा. मूड आला की करीन, हा क्रम उलटवायचा : ठरलेल्या वेळी करायचे, मूड मागून येतो किंवा येतही नाही, तरी करायचे.

दोन गोष्टी राहिल्या. गोळ्याही विचारांच्या याच काळ्या बाजूला झुकणाऱ्या कलावर काम करतात, असे ऑक्सफर्डच्या कॅथरिन हार्मर यांच्या संशोधनातून दिसते. निरोगी स्वयंसेवकांनी नैराश्यावरचे औषध अगदी थोडे घेतले तरी चेहऱ्यांवरचा आनंद त्यांना अधिक सहज ओळखता येऊ लागला, त्यांच्या स्वतःच्या मनःस्थितीत काही फरक पडण्याआधीच. म्हणजे गोळी आधी नजर बदलते आणि त्या नजरेला दिसलेल्या जगातून मन हळूहळू सावरते. गोळीला दोनचार आठवडे लागण्याचे हे एक कारण असावे. ज्या रुग्णाने घराबाहेर पडणेच सोडले आहे, त्याच्या बदललेल्या नजरेला नवे काही दिसणार कुठून? गोळी आणि दिनक्रम यांत निवड करायची नसते, ती यासाठी.

आणि सगळेच काळे विचार झुकलेले नसतात. कर्जाचे हप्ते थकले असतील, नोकरी खरोखर धोक्यात असेल, तर तिथे विचार दुरुस्त करण्याचा सल्ला देणे हा अपमान आहे. तिथे अडचण सोडवण्याची रीतसर आखणी लागते, कधी वकील लागतो. मात्र ‘मी नसलेलाच बरा’ असा विचार येत असेल तर तो वहीत तपासत बसू नका. त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांशी बोला, किंवा टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतूनही बोलता येते.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतो. पूर्व परीक्षेनंतर त्याला छातीत धडधड, हाताला मुंग्या आणि आता मरतो की काय अशी भीती, असे झटके येऊ लागले. दोनदा ईसीजी काढला, निर्दोष आहे. अभ्यासिकेत तो दाराजवळच बसतो. उत्तरतालिका रोज नव्याने तपासतो. रात्री फोन करून विचारतो, ‘पप्पा, होईल ना माझं?’ मी होईल म्हणतो, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून अल्प्राझोलाम आणून घेतो. संगणकावर लक्ष वळवण्याचा सराव केल्याने चिंता जाते, असेही त्याने वाचले आहे. (लातूर)

उत्तर : आपल्या मुलाच्या झटक्यांना पॅनिक म्हणतात आणि ते मुळाशी एका अर्थ लावण्याच्या चुकीवर उभे असतात, अशी मांडणी डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये केली. धडधड वाढते, ती हृदयविकाराची म्हणून वाचली जाते, त्या वाचनाने भीती वाढते, भीतीने धडधड आणखी वाढते. भीतीत श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि त्यातून मुंग्या आणि गरगरणे येते. झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिखर गाठून ओसरतो. चक्कर येऊन पडण्याची भीती असते, पण झटक्यात रक्तदाब उतरत नाही, चढतो. त्यामुळे शुद्ध हरपण्याची शक्यता अगदी कमी.

हे समजावून सांगून काम भागत नाही, हे आपण दोनदा ईसीजी काढून पाहिलेच आहे. उपचारात मानसतज्ज्ञ खोलीतच मुलाला मिनिटभर जलद श्वास घ्यायला लावतात, जिना चढउतार करायला लावतात, आणि तीच धडधड, त्याच मुंग्या तिथे निर्माण करून दाखवतात. दमा, अपस्मार किंवा हृदयविकार असलेल्यांना हे करायला लावत नाहीत, म्हणून ते घरी आपल्या मनाने करू नये. मग एकेक बचावाची सवय सोडायची. दाराजवळची जागा ही त्याला सुरक्षित ठेवते असे वाटते, पण प्रत्यक्षात ‘दाराजवळ होतो म्हणून वाचलो’ हीच शिकवण रोज पक्की होते. आधी दोन रांगा आत, मग मधली जागा.

उत्तरतालिका आणि रात्रीचा फोन हे दुसऱ्या प्रकारचे आहे. ते झटक्यांचे नाही, अनिश्चितता न सोसण्याचे आहे. चिंतेला अनिश्चितता म्हणजेच धोका वाटतो, म्हणून ती खात्री मागत राहते. खात्री मिळाली की घटकाभर बरे वाटते आणि मागणी वाढते. आपण प्रेमाने ‘होईल’ म्हणता, ते उत्तर रात्रीपुरते पुरते. त्याच्याशी आधी बोलून, त्याच्या संमतीने, असे ठरवा की या प्रश्नाला आपण असे उत्तर द्याल : ‘ते मला माहीत नाही, तुलाही नाही, आज जेवलास काय ते सांग.’ पहिले काही दिवस तो चिडेल. पेन्सिल्व्हेनियातील थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये सुचवलेला उपायही त्याला सांगा : रोज एकच ठरलेला अर्धा तास, एकाच ठिकाणी, काळजी करण्यासाठी राखून ठेवायचा आणि दिवसभरात आलेली काळजी कागदावर टिपून त्या अर्ध्या तासावर ढकलायची. झोपण्याच्या आधीचा तास त्यासाठी नको, आणि बिछाना तर नकोच.

अल्प्राझोलामविषयी मी कठोर बोलणार आहे. ही चिंता शमवणारी गोळी औषध नियमांतील अनुसूची एच-१ मध्ये आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकणे बेकायदेशीर आहे आणि विक्रीची नोंद ठेवणे दुकानदाराला बंधनकारक आहे. झटका ती थांबवते, यात शंका नाही. पण नव्याने वाचलेले स्मरणात रुजण्यात ती अडथळा आणते, आणि हा मुलगा दिवसभर पाठांतरासाठीच अभ्यासिकेत बसतो! शिवाय झटका आपोआप ओसरतो, हे शिकण्याची संधी ती हिरावून घेते. श्रेय गोळीला जाते. रोज घेत असेल तर एकदम बंद करू नये, झटके उलटतात आणि क्वचित फिटही येते. मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी. दीर्घ उपचारासाठी सेर्ट्रालिनसारख्या गोळ्या असतात, त्या सवयीच्या नाहीत. त्याही लागतीलच असे नाही.

संगणकावरच्या सरावामागे खरे संशोधन आहे. १९८६ मध्ये कॉलिन मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी पडद्यावर अर्धा सेकंद दोन शब्द दाखवले, एक धोक्याचा आणि एक साधा. मग त्यांपैकी एकाच्या जागी ठिपका आला. चिंताग्रस्त माणसे धोक्याच्या शब्दाच्या जागी आलेला ठिपका अधिक लवकर टिपत, म्हणजे त्यांचे लक्ष आधीच तिथे गेलेले असे. मग ठिपका सतत साध्या शब्दाच्या जागी दाखवून लक्षाला उलट वळण लावण्याचे प्रयोग झाले. सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक होते, पुढचे विसंगत निघाले आणि ते मोजमापच एका बैठकीपासून दुसऱ्या बैठकीपर्यंत स्थिर राहत नाही, असेही दिसले. प्रयोगशाळेसाठी ही कल्पना मोलाची आहे. त्यासाठी पैसे भरू नयेत.

प्रश्न : सासऱ्यांच्या निधनानंतर सासूबाई (वय ७१) गप्प झाल्या. चार महिन्यांपासून गॅस बंद केला की नाही ते विसरतात, देवाची पोथी अर्ध्यावर सोडतात. काहीही विचारले की म्हणतात, ‘मला नाही आठवत, माझ्या डोक्याचं काही राहिलं नाही.’ शेजारच्या काकू म्हणतात, हा स्मृतिभ्रंश आहे, याला औषध नाही. (नाशिक)

उत्तर : काकूंचे अनुमान घाईचे आहे. वृद्धापकाळातले नैराश्य स्मृतिभ्रंशासारखे दिसू शकते. नैराश्यात बदल आठवड्या-महिन्यांत होतो, त्याची तक्रार रुग्ण स्वतः करतो, प्रश्न विचारला की प्रयत्न न करताच ‘आठवत नाही’ म्हणतो, पण खूण दिली की बहुधा आठवते. स्मृतिभ्रंशात बदल वर्षानुवर्षे सरकत येतो, तक्रार घरचे करतात, रुग्ण मात्र सगळे ठीक असल्याचे सांगतो, रिकाम्या जागा काहीतरी सांगून भरतो आणि ओळखीच्या गल्लीत वाट चुकतो. सासूबाईंचे वर्णन पहिल्या बाजूकडे झुकते. तरी ही विभागणी काटेकोर नाही, दोन्ही एकत्रही असतात आणि उतारवयात प्रथमच आलेले नैराश्य कधीकधी स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचना असते. म्हणून उपचार सुरू करून सहा महिन्यांनी आणि वर्षाने स्मरणाची चाचणी पुन्हा करावी, सुधारणा दिसली तरीही.

त्याआधी थायरॉइड, बी-१२, रक्तातील सोडियम (नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी वृद्धांत ते उतरते आणि गोंधळ उडतो), ऐकू येते का ते, आणि गुडघ्याच्या, लघवीच्या किंवा झोपेच्या म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्या तपासून घ्या. दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टपणा आला तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

नैराश्यात स्मरणाला आणखी एक सवय लागते. १९८६ मध्ये मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी नुकताच आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादा प्रसंग सांगायला सांगितले, तेव्हा ते विशिष्ट दिवसाऐवजी ढोबळच सांगत. ‘आम्ही नेहमी पंढरपूरला जायचो’ येथवर आठवण येते आणि थांबते. अशा ढोबळ आठवणींतून दिलासाही मिळत नाही आणि पुढच्या अडचणीला उपयोगी पडेल असे काहीही हाती लागत नाही. विशिष्ट प्रसंग आठवण्याचा सराव यावर करून घेतात आणि त्याची घरगुती आवृत्ती आपल्यालाही जमेल. मामंजींचा विषय टाळू नका; ‘त्या वर्षी वारीला गेलात तेव्हा बसमध्ये शेजारी कोण होतं? काय खाल्लं होतं? पाऊस होता का?’ असे विचारा. ‘आठवत नाही’ म्हणाल्या तर एखादा तपशील आपण पुरवा आणि थांबा. गॅसची जबाबदारी तूर्त आपल्याकडे घ्या, पण पोळ्या लाटणे, भाजी निवडणे त्यांच्याकडेच राहू द्या.

प्रश्न : चिंता आणि विसराळूपणा यांसाठी मोबाइलवरील बुद्धीचे खेळ मी रोज खेळतो. उपयोग होईल का? (न्यू जर्सी)

उत्तर : खेळातले गुण वाढतील. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये ११,४३० जणांनी सहा आठवडे असा सराव केला. ते सरावलेल्या खेळांत तरबेज झाले, पण इतर बौद्धिक कामांत त्याचा लाभ दिसला नाही. आपण जिथे राहता त्याच देशात २०१६ मध्ये ‘लुमॉसिटी’च्या निर्मात्यांनी फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. मानसतज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणारे बोधात्मक पुनर्वसन निराळे असते. त्यात सरावाबरोबर तीच युक्ती आपल्या कामात, बाजारात, स्वयंपाकघरात कशी वापरायची ते शिकवतात आणि उपयोग होतो तो त्या जोडणीमुळे.

प्रश्न : मला द्विध्रुवी विकार आहे, वय २९, डिझायनर आहे. लिथियममुळे डोके बोथट झाल्यासारखे वाटते. पूर्वी एका रात्रीत वीस कल्पना सुचत. गोळी सोडू का? (पुणे)

उत्तर : सोडू नका. लिथियमने विचारांचा वेग किंचित उतरू शकतो, ही आपली तक्रार खरी आहे आणि डॉक्टरांनी ती ऐकून घेतली पाहिजे. परंतु मंदपणाचे कारण थायरॉइड असू शकते (लिथियमने ते बिघडते), रक्तातील पातळी गरजेपेक्षा जास्त असू शकते, शिल्लक राहिलेले सौम्य नैराश्य असू शकते, किंवा आधीच्या झटक्यांचा परिणामही असू शकतो. जितके झटके अधिक तितकी ही उणीव अधिक, असे या विकारात दिसते. लिथियम एकाएकी सोडल्यास उन्माद उलटण्याचा धोका मोठा असतो आणि आत्महत्येपासून मिळणारे संरक्षणही जाते.

त्या रात्रीच्या वीस कल्पनांविषयीही बोलले पाहिजे. उन्मादाच्या चढावर विचारांचा कल उलटा होतो : धोके दिसेनासे होतात, प्रत्येक कल्पना सोन्याची वाटते आणि ती तशी वाटली होती हीच आठवण मागे राहते. त्या वीसांपैकी पुढे किती कामी आल्या, हे जुन्या फाइल उघडून मोजा. पुढच्या काळासाठी, ठीक असतानाच, घरातल्या एका विश्वासू व्यक्तीबरोबर दोन नियम लिहून ठेवा : झोप कमी होऊनही उत्साह वाढला तर मोठ्या खर्चाचा किंवा नोकरीचा निर्णय ४८ तास पुढे ढकलायचा, आणि तो दोन माणसांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.

पुढच्या भेटीआधी लिथियमची पातळी, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) करून घ्या. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी द्यायचे असते. त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी.